टेक्ससच्या ग्रामीण काउंटीकडून पोलीस आणि कोर्टाचे कागद कसे मागवायचे

मित्राचा फोन आला तेव्हा त्याच्या हातात शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या, कचेरीतून आलेलं दोन ओळींचं पत्र होतं. "तुम्ही मागितलेला कागद आमच्याकडे नाही." अकरा वर्षांपूर्वी बिग बेंडहून ह्यूस्टनला परतताना पश्चिम टेक्ससमधल्या एका छोट्या काउंटीत, म्हणजे तिथल्या जिल्ह्यात, त्याची गाडी अडवली होती. वेगाचं साधं प्रकरण. पण कॉम्प्युटरवर त्याच्या नावाचं जुनं वॉरंट निघालं आणि रात्र तुरुंगात गेली. सकाळी मॅजिस्ट्रेटसमोर उभा राहिला, पैसे भरले, सुटला. घरी बायकोशिवाय कुणाला बोलला नाही.

आता नागरिकत्वाचा अर्ज भरायला बसला, तर त्यात सरळ प्रश्न: तुम्हाला कधी अटक झाली आहे का? झाली असेल तर त्या प्रकरणाचा कोर्टाच्या सही-शिक्क्याचा निकाल जोडा. त्याने शेरीफला पत्र लिहून निकाल मागितला. दोन महिने वाट पाहिली आणि हे उत्तर आलं. खरं तर उत्तर बरोबर होतं. निकाल शेरीफकडे नसतोच.

अशी कागदपत्रं मी गेल्या काही वर्षांत बऱ्याच जणांसाठी मागवली आहेत. कुणाला नागरिकत्वासाठी हवी होती, कुणाला व्हिसाच्या मुलाखतीसाठी, कुणाला विम्यासाठी, तर एका ताईंना घटस्फोटाच्या हुकमाची नक्कल पुण्याच्या वकिलाला द्यायची होती. प्रत्येक वेळी घोळ जवळपास तोच होता: मागणारा योग्य कागद चुकीच्या खिडकीवर मागत होता. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. इथलं सगळं टेक्ससपुरतं आहे. दुसऱ्या राज्यात कायदा वेगळा, शुल्क वेगळं.

आधी एवढं डोक्यात पक्कं करा

पोलिसांचे कागद आणि कोर्टाचे कागद एकाच इमारतीत असले, तरी ते दोन वेगळ्या कायद्यांखाली येतात.

शेरीफ, शहराचे पोलीस, कॉन्स्टेबल, राज्याचे हायवे पोलीस यांच्याकडचे कागद टेक्ससच्या सार्वजनिक माहिती कायद्याखाली मागता येतात. हा कायदा 1973 चा. आज तो गव्हर्नमेंट कोडच्या 552 व्या प्रकरणात आहे. आपल्याकडच्या 2005 च्या माहिती अधिकार कायद्याचा हा चुलतभाऊ म्हणा. एक फरक मात्र लक्षात ठेवा. आपला कायदा भारतीय नागरिकालाच हक्क देतो, टेक्ससचा कायदा कुणालाही देतो. तुम्ही एच-वन व्हिसावर असा, विद्यार्थी असा किंवा नाशिकला बसून ईमेल पाठवत असा, हक्क तोच. व्हर्जिनिया, टेनेसी, आर्कान्सॉ इथे असं नाही. तिथे राज्याच्या रहिवाशांनाच हा हक्क आहे, आणि असं बंधन घालणं चालतं असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये दिला आहे.

कोर्टं या कायद्यातून वगळलेली आहेत. पण म्हणून कोर्टाचे कागद बंद आहेत असा अर्थ नाही, उलट ते जास्त मोकळे आहेत. त्यांच्यासाठी माहिती कायद्याचा अर्ज करायचा नसतो. कोर्टाचं दफ्तर सांभाळणाऱ्या क्लर्ककडे नक्कल मागायची असते, तालुक्याच्या कोर्टात नक्कल अर्ज करतो तशी.

आणखी एक चूक मी नेहमी पाहतो. पत्राच्या वर लोक 'फोया' लिहितात. फोया हा 1966 चा केंद्र सरकारचा माहिती स्वातंत्र्याचा कायदा. तो एफबीआयला लागू आहे, काउंटीच्या शेरीफला नाही. फोया लिहिलं म्हणून चांगला क्लर्क अर्ज परत पाठवत नाही, पण आपण होऊन चुकीचा कायदा कशाला लिहायचा?

पायरी 1: गाडी कुणी अडवली, प्रकरण कुठे गेलं, ते शोधा

टेक्ससमध्ये 254 काउंट्या आहेत. त्यातली लव्हिंग काउंटी 2020 च्या जनगणनेत फक्त 64 माणसांची होती. अशा ठिकाणी कचेरी म्हणजे कोर्टहाऊसमधल्या दोन-तीन खोल्या. पण खोल्या कमी असल्या, तरी कुठला कागद कुणाकडे हे ठरलेलं असतं.

अडवणाऱ्याच्या गाडीवर 'शेरीफ' लिहिलेलं असेल तर घटनेचा रिपोर्ट शेरीफकडे. 'स्टेट ट्रूपर' असेल तर तो राज्याच्या डीपीएस या सार्वजनिक सुरक्षा खात्याचा माणूस; त्याचा रिपोर्ट, गाडीतलं चित्रीकरण सगळं राजधानी ऑस्टिनच्या मुख्य कचेरीमार्फत मागायचं. इथे बरेच जण फसतात, कारण हायवेवर अडवणारा बहुतेक वेळा ट्रूपर असतो आणि रात्र मात्र शेरीफच्या तुरुंगात गेलेली असते. तेव्हा रिपोर्ट ऑस्टिनला आणि तुरुंगाचं बुकिंग शीट शेरीफकडे, असे कागद दोन ठिकाणी जातात.

कोर्टाच्या बाजूला आरोप किती मोठा यावर खोली ठरते. साधं ट्रॅफिक तिकीट आणि 500 डॉलरपर्यंतच्या दंडाचे क्लास सी गुन्हे जस्टिस ऑफ द पीस या खालच्या पातळीवरच्या स्थानिक न्यायाधीशाकडे जातात. बोलताना सगळे 'जेपी कोर्ट' म्हणतात. तिकीट शहराच्या पोलिसाने दिलं असेल तर म्युनिसिपल कोर्ट. त्याहून मोठे क्लास ए आणि बी गुन्हे काउंटी कोर्टात. दारू पिऊन गाडी चालवल्याचा पहिला गुन्हा साधारणपणे इथेच येतो. त्याचे कागद काउंटी क्लर्ककडे. त्याहून गंभीर गुन्हे आणि घटस्फोट डिस्ट्रिक्ट कोर्टात, कागद डिस्ट्रिक्ट क्लर्ककडे. आठ हजारांहून कमी वस्तीच्या काउंटीत हे दोन्ही क्लर्क मिळून एकच व्यक्ती निवडून देण्याची मुभा टेक्ससच्या राज्यघटनेतच आहे. त्यामुळे फार छोट्या काउंटीत तुम्ही एकाच बाईंशी दोन्ही कामांसाठी बोलत असाल. जेपी मात्र आपले कागद स्वतःच सांभाळतो, आणि एका काउंटीत जेपी एकाहून जास्त असू शकतात. प्रिसिंक्ट म्हणजे काउंटीचा विभाग; 'प्रिसिंक्ट वन' की 'प्रिसिंक्ट टू', हे कळलंच पाहिजे.

आता मित्राच्या प्रकरणाकडे या. त्याला अटक जिथे झाली, त्या काउंटीच्या कुठल्याच कोर्टात त्याचं प्रकरण नव्हतं. वॉरंट निघालं होतं शेकडो मैल लांबच्या दुसऱ्या काउंटीच्या जेपी कोर्टातून. विद्यार्थी असताना मिळालेलं तिकीट, पत्ता बदलल्यामुळे न आलेल्या नोटिसा आणि हजर न राहिल्याचा वेगळा आरोप. अटक एका गावात आणि निकाल दुसऱ्या गावात! त्याच्या डोक्यात मात्र अकरा वर्षं 'ते पश्चिमेकडचं गाव' एवढंच बसलेलं होतं.

हे उलगडलं बुकिंग शीटमुळे. म्हणून सगळंच धूसर असेल तर सुरुवात तिथून करा. तुरुंगात घेताना भरलेला तो एका पानाचा फॉर्म असतो: नाव, जन्मतारीख, आत घेतल्याची आणि सोडल्याची वेळ, आरोप आणि वॉरंट असेल तर ते कुठल्या कोर्टाचं. त्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात, फॅक्समधून आल्यासारख्या फिकट अक्षरांत, दुसऱ्या काउंटीचं नाव आणि कॉज नंबर होता. खटल्याच्या क्रमांकाला टेक्ससमध्ये 'कॉज नंबर' म्हणतात. तो एकदा हाती लागला की पुढचं काम निम्म्यावर येतं.

पायरी 2: पत्राआधी फोन

मोठ्या शहरात फोन करून काही मिळत नाही, वेबसाइटच बघावी लागते. ग्रामीण काउंटीत उलटं. रीसर्चटीएक्स नावाचं राज्याचं कोर्ट-कागदांचं पोर्टल आहे, ते जरूर पाहा, पण छोट्या काउंटीचं दहा-पंधरा वर्षांपूर्वीचं प्रकरण तिथे सापडेल अशी आशा धरू नका. ती फाइल कपाटात असते आणि कपाट कुठलं हे एका माणसाला ठाऊक असतं.

सकाळी नऊ-साडेनऊला फोन करा. जेवणाच्या सुट्टीत कचेरी बंद असू शकते. एल पासो आणि हडस्पेथ या दोन काउंट्यांचं घड्याळ बाकी टेक्ससच्या एक तास मागे चालतं, तेही ध्यानात ठेवा. फोनवर घाई करू नका. नमस्कार-चमत्कार झाल्यावर सांगा: "मॅम, मला एका जुन्या प्रकरणाची सर्टिफाइड कॉपी हवी आहे. कॉज नंबर माझ्याकडे आहे," किंवा "नंबर नाही, पण नाव आणि साधारण तारीख सांगतो." मग चार गोष्टी विचारून लिहून घ्या: अर्ज ईमेलने चालेल की टपालाने, किती पानं आहेत, एकूण किती डॉलर, आणि पैसे कसे घेता. बऱ्याच ठिकाणी वैयक्तिक चेक चालत नाही. पोस्टातून किंवा दुकानातून काढलेली मनी ऑर्डर लागते. बोलणाऱ्याचं नाव विचारा आणि पत्रात त्याचा उल्लेख करा. या माणसांशी मी कायम आदराने बोलत आलो आहे, आणि बहुतेकांनी मला नियमापेक्षा जास्त मदत केली आहे. एका क्लर्कबाईंनी जुनं रजिस्टर उघडून फोनवर पानं उलटताना मला आवाज ऐकू येत होता.

पायरी 3: नाव

हा भाग छोटा वाटतो, पण आपल्या लोकांचे सर्वांत जास्त कागद इथेच अडकतात.

आपलं नाव म्हणजे स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव. पासपोर्टवर 'गिव्हन नेम'च्या रकान्यात पहिली दोन एकत्र. रात्री अकराला टॉर्चच्या उजेडात लायसन्स वाचणाऱ्या शेरीफच्या डेप्युटीने, म्हणजे हाताखालच्या पोलिसाने, त्यातलं कुठलं पहिलं धरलं असेल, सांगता येत नाही. 'कुलकर्णी'चे तीन स्पेलिंग मी एकाच प्रकरणाच्या कागदांवर पाहिले आहेत. मित्राच्या बाबतीत वडिलांचं नाव आडनाव म्हणून नोंदलं गेलं होतं. 'रेकॉर्ड नाही' असं पहिल्या फोनवर सांगितलं गेलं ते त्यामुळेच. पासपोर्टवर एकच नाव असलेल्यांच्या लायसन्सवर 'एफएनयू' म्हणजे 'फर्स्ट नेम अननोन' छापलेलं असतं, आणि नोंद त्याच तीन अक्षरांखाली सापडते.

म्हणून अर्जात नावाचे सगळे संभाव्य प्रकार लिहा आणि जन्मतारीख द्या. तारीख अमेरिकन पद्धतीने, आधी महिना. पाच एप्रिल आपण 5/4 लिहितो, ते तिथे चार मे होतं. महिना अक्षरातच लिहिला तर प्रश्न मिटला. लग्नाआधीचं नाव असेल तर तेही द्या.

पायरी 4: शेरीफला पत्र

शेरीफ निवडून आलेला असतो आणि त्याच्या कचेरीतल्या कागदांसाठी कायद्याने जबाबदार अधिकारी तोच असतो. तेव्हा पत्र त्याच्याच नावाने पाठवा. अर्ज लेखी हवा आणि तो टपालाने, ईमेलने किंवा हातोहात द्यायचा. याखेरीज दुसरी पद्धत चालते ती कचेरीने मान्य केलेली असली तरच. फेसबुकवर किंवा मोबाइलवर मेसेज टाकला तर मुदतीचं घड्याळ सुरू होत नाही. ईमेल कचेरीने त्यासाठी दिलेल्या पत्त्यावरच करा.

पत्र इंग्रजीतच जाणार, पण त्यात काय असावं ते मराठीत सांगतो:

"टेक्सस सार्वजनिक माहिती कायदा, गव्हर्नमेंट कोड प्रकरण 552 अन्वये मी पुढील कागदांच्या प्रती मागत आहे. अमुक तारखेच्या रात्री अमुक हायवेवर झालेल्या अटकेसंबंधी: 1) बुकिंग शीट, 2) घटनेचा रिपोर्ट, 3) अटकेला आधार असलेलं वॉरंट किंवा शपथपत्र, 4) सोडल्याची नोंद. अटक झालेल्या व्यक्तीचं नाव असं, पर्यायी स्पेलिंग अशी, जन्मतारीख अशी. खर्च 40 डॉलरच्या वर जाणार असेल तर आधी कळवावं. प्रती ईमेलने चालतील."

बस. 'माझ्याबद्दल जे जे असेल ते सगळं' असं लिहू नका. मोघम मागणी केली की कचेरी खुलासा विचारते. त्या पत्राला 61 व्या दिवसापर्यंत उत्तर दिलं नाही तर अर्ज मागे घेतला असं धरलं जातं. आणि कारण सांगायची गरज नाही. कशासाठी हवं, असं विचारण्याची कचेरीला कायद्यानेच मनाई आहे. नम्रपणे तेवढं सांगितलं तरी चालतं.

पैशांचं गणित साधं आहे. कागदी प्रतीला पानामागे 10 सेंट. पन्नास पानांपर्यंत सहसा तेवढेच. त्यापुढे शोधण्याच्या मजुरीचे तासाला 15 डॉलर लावता येतात. खर्च 40 डॉलरहून जास्त होणार असेल तर तपशीलवार अंदाज लेखी कळवणं कचेरीला बंधनकारक आहे, आणि त्या अंदाजाला कामकाजाच्या 10 दिवसांत उत्तर देणं तुम्हाला. हे विसरू नका; जंक फोल्डरमध्ये पडलेल्या एका अंदाजामुळे माझा एक अर्ज असाच मेला होता. छोट्या कचेरीसाठी आणखी एक तरतूद आहे: पूर्णवेळ माणसं सोळाहून कमी असतील तर खर्च 50 डॉलरच्या वर गेल्यावरच आगाऊ पैसे मागता येतात, मोठ्या कचेरीला हीच मर्यादा 100 डॉलरची.

बॉडी कॅमेऱ्याचं चित्रीकरण हवं असेल तर त्याचा वेगळा नियम आहे. साधारण तारीख व वेळ, जागा आणि त्यात दिसणाऱ्या निदान एका माणसाचं नाव, या तिन्ही गोष्टी अर्जात हव्यात. नाही तर मागणीच अपुरी. चित्रीकरण कायमचं ठेवत नाहीत, म्हणून ते हवं असेल तर लगेच मागा.

गाडीच्या अपघाताचा रिपोर्ट मात्र शेरीफकडे मागत बसू नका. तो राज्याच्या परिवहन खात्याकडे, टेक्सडॉटकडे, जमा होतो. ऑनलाइन 6 डॉलरला मिळतो, सर्टिफाइड प्रत 8 डॉलरला. पूर्ण रिपोर्ट अपघाताशी संबंध असलेल्यांनाच देतात: चालक, मालक, विमा कंपनी वगैरे.

पायरी 5: 'देत नाही' असं आलं तर

कायदा म्हणतो, माहिती 'तातडीने' द्या. कामकाजाच्या 10 दिवसांत देता येत नसेल तर कधी देणार ते लेखी कळवा. आणि द्यायचीच नसेल, तर त्याच 10 दिवसांत राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलकडे, म्हणजे मुख्य कायदा अधिकाऱ्याकडे, निर्णय मागा. म्हणजे नाही म्हणायचं असलं, तरी बहुतेक बाबतीत शेरीफला स्वतःच्या अखत्यारीत तसं म्हणता येत नाही, ऑस्टिनला विचारावं लागतं. आपल्याकडे नकार आल्यावर अपील आपण करायचं. इथे ओझं कचेरीवर आहे. मला ही या कायद्यातली सर्वांत चांगली गोष्ट वाटते. अ‍ॅटर्नी जनरलला निर्णयासाठी कामकाजाचे 45 दिवस मिळतात, आणि त्या काळात तुम्हीही आपली बाजू लेखी पाठवू शकता. जरूर पाठवा. साध्या इंग्रजीत एक पान पुरतं.

कोणत्या कारणाने अडवतात ते आधीच माहीत असू द्या. कलम 552.108 खाली चालू तपासाचे कागद रोखता येतात. ज्या तपासातून शिक्षा झाली नाही, अशा संपलेल्या तपासाचेही रोखता येतात. म्हणजे आरोप मागे घेतला गेला असेल तर पोलिसांचा पूर्ण रिपोर्ट मिळणं उलट अवघड होतं. मनाला पटत नाही, पण कायदा तसा आहे. अल्पवयीन मुलांचे आणि बालकांवरील अत्याचाराच्या तपासाचे कागद गोपनीय असतात, आणि ते तसेच असावेत.

तरीही एक गोष्ट रोखता येत नाही: अटक झालेली व्यक्ती, अटक आणि गुन्हा यांची 'मूलभूत माहिती'. 1975 मध्ये ह्यूस्टनच्या एका वृत्तपत्राने शहराविरुद्ध लढलेल्या खटल्यापासून हे ठरलेलं आहे. रिपोर्ट नाकारला गेला, तर त्याच दिवशी उत्तर पाठवा: 'मग कलम 552.108(सी) प्रमाणे मूलभूत माहिती तरी द्या.' कोर्ट शोधायला बहुतेक वेळा तेवढी पुरते. दारू पिऊन गाडी चालवल्याच्या संशयावरून अटक झाली असेल, तर स्वतःचं चित्रीकरण मिळण्याचा वेगळा हक्कही त्या व्यक्तीला आहे.

आणि कचेरीने काहीच उत्तर दिलं नाही तर? आधी फोन. छोट्या गावात कागद सांभाळणारी व्यक्ती रजेवर असेल तर सगळं थांबतं, त्यात आकस नसतो. दुसऱ्या फोननंतरही शांतता असेल तर अ‍ॅटर्नी जनरलच्या कचेरीची खुल्या सरकारसाठीची हॉटलाइन आहे. तिथल्या माणसांनी मला कायदा नीट समजावून सांगितला आहे, आणि तेही वकिलाच्या फीशिवाय.

पायरी 6: क्लर्ककडून सही-शिक्क्याची नक्कल

नागरिकत्वाला, व्हिसाला, वकिलाला खरा लागतो तो हाच कागद. इथे नेमका शब्द वापरा. 'केसचे पेपर' म्हटलं तर कधी पन्नास पानं येतात, कधी एकच. मागायचं ते हे: आरोपपत्र, निकाल किंवा 'जजमेंट', प्रकरण बंद केल्याचा हुकूम असेल तर तो, आणि दंड-शिक्षा पूर्ण झाल्याचा पुरावा. सगळं 'सर्टिफाइड'. जेपी कोर्टात कधी निकालाचा वेगळा कागदच नसतो, डॉकेट शीटवर, म्हणजे प्रकरणाच्या नोंदींच्या पानावर, एक ओळ असते. मग त्या शीटचीच सर्टिफाइड प्रत घ्या.

शुल्क साधारण पानामागे 1 डॉलर. काउंटी क्लर्ककडे दाखल्याचे 5 डॉलर वेगळे. नक्की आकडा फोनवर घेतलेला असतोच. पाकिटात पत्र, मनी ऑर्डर आणि स्वतःचा पत्ता लिहून तिकीट लावलेलं परतीचं पाकीट घाला. परतीचं पाकीट घातलं की कागद लवकर येतात, हा माझा अनुभव आहे.

दोन प्रती घ्या. एक अर्जासोबत जाते, दुसरी घरात राहते.

इथे दोन गोष्टी कळकळीने सांगायच्या आहेत. पहिली: टेक्ससमध्ये 'डिफर्ड अ‍ॅडज्युडिकेशन' नावाचा प्रकार आहे. गुन्हा कबूल करायचा, काही काळ न्यायाधीशाने घातलेल्या अटी पाळायच्या, आणि मग प्रकरण बंद होतं. टेक्ससच्या कायद्यात ती शिक्षा नाही. इमिग्रेशनच्या कायद्यात मात्र कबुली आणि बंधन या दोन्ही गोष्टी असल्या तर ती शिक्षा धरली जाते. 'वकील म्हणाला रेकॉर्ड राहणार नाही' या भरवशावर अर्जात 'नाही' अशी खूण करणारे लोक अडचणीत येतात. अटक झाली असेल तर 'हो' लिहा, कागद जोडा, आणि पाठवण्यापूर्वी इमिग्रेशनच्या वकिलाला दाखवा.

दुसरी: 'एक्स्पंक्शन', म्हणजे रेकॉर्ड पुसून टाकण्याचा हुकूम. तो घेण्याआधी प्रत्येक कागदाच्या सर्टिफाइड प्रती काढून ठेवा. हुकूम झाला की कचेऱ्या कागद नष्ट करतात किंवा परत करतात, आणि नंतर तुम्ही कितीही विनवलं तरी क्लर्क देऊ शकत नाही. इमिग्रेशन मात्र पुसलेल्या अटकेबद्दलही विचारतं.

फाइलच नसेल तर

जुन्या तिकिटांच्या फाइली ठरावीक वर्षांनी कायदेशीररीत्या नष्ट करतात. कधी पुराने, आगीने जातात. मग रिकाम्या हाताने फोन ठेवू नका. 'आम्ही या नावाने, या जन्मतारखेने, या वर्षांत शोध घेतला, रेकॉर्ड आढळलं नाही' किंवा 'नियमानुसार नष्ट केलं' असं क्लर्कच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह लिहून घ्या. इमिग्रेशनसाठी हेही ग्राह्य उत्तर असतं. शोधलेल्या नावाचे सगळे स्पेलिंग त्या पत्रात यावेत असा आग्रह धरा.

कागद भारतात वापरायचा असेल तर त्यावर अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद खरा मानला जावा म्हणून दिलेला सरकारी दाखला, लागतं. ते ऑस्टिनला टेक्ससच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून मिळतं, कागदामागे 15 डॉलर. भारत 2005 पासून अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात असल्यामुळे बहुधा तेवढं पुरतं. घटस्फोटाची नक्कल हवी असलेल्या त्या ताईंच्या हुकमाला मूळ डिस्ट्रिक्ट क्लर्कची सही होती म्हणून अपोस्टिल अडलं नाही. इंटरनेटवरून छापलेली प्रत त्यांनी आधी पाठवली होती, ती परत आली होती.

पाकीट आलं की

दारातच उघडा आणि चार गोष्टी बघा: नाव पासपोर्टशी जुळतं का, नसेल तर दुसरं नाव त्याच कागदावर कुठे आहे का, कॉज नंबर सगळ्या पानांवर तोच आहे का, 'डिसमिस्ड', 'पेड', 'गिल्टी' असा शेवटचा शब्द स्पष्ट आहे का, आणि क्लर्कचा शिक्का व तारीख आहे का. मित्राच्या निकालात रक्कम होती, पण भरल्याची तारीख नव्हती. त्याच दिवशी फोन केल्यामुळे क्लर्कने पावतीची सर्टिफाइड प्रत पुढच्या टपालाने पाठवली.

शिक्का कधी शाईचा असतो, कधी नुसता उठावाचा. उठावाचा शिक्का फोटोत दिसत नाही, म्हणून स्कॅन करताना पेन्सिलने त्यावर हलकं घासा असं लोक सुचवतात. तसं करू नका, सर्टिफाइड कागदावर कसलीही खूण नको. आणि सगळ्यांत महत्त्वाचं: पानं एकत्र ठेवणारी वरच्या कोपऱ्यातली स्टेपलची पिन काढू नका. दाखल्याचं पान इतर पानांपासून सुटलं की समोरचा अधिकारी नक्कल नाकारू शकतो. स्कॅनरमध्ये बसत नसेल तर पानं पुस्तकासारखी उलटून वरून फोटो घ्या.